वर कोण वाजवतं

शिलाईवाल्या बाईंचं पत्र येऊन बरेच महिने झाले होते आणि दादांनी अजून त्याचं उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही फार लांबून आलं नव्हतं. बाईंचं दुकान दादांच्या खोलीच्या बरोबर खाली. तरीही बाईंनी पाकिटाला तिकीट लावून ते रीतसर टपालाने पाठवलं होतं.

"वरच्या मजल्यावरचे वादक यांस," अशी सुरुवात होती. "तुम्ही वाजवणं का बंद केलंत? आमचं काही चुकलं का? तुमच्या वाजवण्यावर माझं मशीन चालायचं. इतका दमदार हात मी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही. पुन्हा सुरू केलंत तर बरं वाटेल."

घोळ असा होता की दादांनी जन्मात कुठलंही वाद्य वाजवलं नव्हतं. शाळेत घंटा द्यायची पाळी आली तेव्हासुद्धा ते पोटदुखीचं निमित्त करून घरी राहिले होते.

उभं आयुष्य त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं, आणि हौस म्हणून रॉक बँडच्या रेकॉर्डी जमवल्या. त्या रेकॉर्डींतही त्यांचा जीव एकाच माणसावर. गाणारा पुढे येऊन घसा फोडतो, गिटारवाला केस उडवतो, आणि मागे ड्रमच्या शेजारी एक जण चार जाड तारांची बास गिटार घेऊन, बस चुकलेल्या माणसासारखा उभा असतो. सगळं गाणं त्याच्या खांद्यावर. पण तो चुकला तरच लोकांना कळतं की तो होता. दादांना हे आपल्या नोकरीसारखं वाटे. कपाटातल्या रेकॉर्डीही त्यांनी गायकांच्या नव्हे, बासवाल्यांच्या क्रमाने लावल्या होत्या.

बास पायातून अंगात चढावा म्हणून स्पीकर ते थेट फरशीवर ठेवत. त्यामुळे गाणाऱ्यांची ओरड वरच राहायची, आणि खाली बाईंच्या छतातून एकटा बास उतरायचा. बाईंना वाटलं, वर कुणीतरी बसून तेवढंच वाजवतंय. मग धाकटी बहीण दादांकडे राहायला आली, तिला त्रास नको म्हणून दादांनी हेडफोन घेतला, आणि खाली शुकशुकाट झाला.

पत्र वाचल्यापासून दादांचं काही खरं नव्हतं. भाजी निवडता निवडता ते आपल्या हाताकडे बघत बसत. दमदार. रस्त्यानेही ते हात अंगापासून जरा लांब ठेवून चालू लागले, जागा लागते म्हणून. उत्तर लिहायला बसले की मायन्यापाशीच गाडी अडे. 'प्रिय' म्हणजे फारच झालं, आणि 'माननीय' म्हटलं की पाणीपट्टीची तक्रार केल्यासारखं वाटे. त्यापुढची अडचण तर मोठीच. खरं लिहावं तर बाई ऐकणंच सोडतील. आणि बास मन लावून ऐकणारं दुसरं माणूस दादांना आजवर भेटलं नव्हतं.

शेवटी बहिणीनेच त्यांना खाली पिटाळलं. "दादा, ती पँट घेऊन जा आधी. कंबर ढिली झालीय, सारखी वर ओढतोस, लोक बघतात."

बाईंच्या गळ्यात टेप होती आणि ओठांत टाचण्या. वरच्या मजल्यावरून आलोय, असं दादांनी सांगताच त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या.

"वादक! या, या. हात दाखवा बघू."

दादांनी हात पुढे केले.

"एवढेसेच?" बाई म्हणाल्या. "आवाजावरून मला वाटलं होतं, पहिलवान असाल."

"तारा जाड असतात," दादा म्हणाले. हे खोटं नव्हतं.

बाईंनी पँट मशीनवर घेतली आणि त्यांच्या बोलण्याची गाडी सुरू झाली. त्यांनी प्रत्येक गाण्याला आपल्या कामावरून नाव ठेवलं होतं. एक बाहीवालं, गोल गोल फिरून जागेवर येणारं. एक लांब शिवणीचं, पडदे त्याच्यावरच व्हायचे. "आणि ते बटणवालं. तुम्ही मध्येच थांबायचात. मला वाटायचं, आता विसरले हे. मी पाय उचलून धरायची. आणि मग असे बरोबर यायचात की बस!"

दादांना राहवेना. "तो मुद्दाम थांबतो. बाकीचे पुढे धावतात, त्यांना धावू देतो, आणि मग खालून हळूच उचलतो सगळ्यांना."

"तो कोण?"

"म्हणजे, मी."

तेवढ्यात वर बास सुरू झाला.

बाईंनी छताकडे पाहिलं. मग दादांकडे पाहिलं. "तुम्ही तर इथे. मग वर कोण वाजवतं?"

"धाकटी बहीण," दादांच्या तोंडून निसटलं.

"त्याही वाजवतात?"

"घराण्यातच आहे."

हे आपण बोललो यावर दादांचा स्वतःचाच विश्वास बसेना. त्यात वर रेकॉर्ड प्लेअरचा खटका भलत्याच वेगावर पडला होता. ते लांब शिवणीचं संथ गाणं शेपटीला डबा बांधल्यासारखं धावत होतं. बाईंचा पाय पायडलवर पडला आणि मशीन उधळलं. "अगं बाई, काय हात आहे त्यांचा! तुमच्यापेक्षा पाणीदार." त्या हसत होत्या, मशीन पळत होतं, आणि दादा कपड्यांच्या ढिगाशेजारी उभे राहून दोन्ही पायांनी ताल धरत होते, जो त्यांनी चारचौघांत कधी धरला नव्हता. वर रेकॉर्डवरची सुई खरखरली, गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं. "सराव करतेय," दादा म्हणाले. थांबायला कुणीच तयार नव्हतं. थांबले तेव्हा पँटचा एक पाय खालून पक्का शिवला गेला होता.

"राहू दे, मी उसवून ठेवते," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "पण रविवारी मी फुलं घेऊन वर येणार. एवढ्या मोठ्या बाई डोक्यावर राहतात आणि मला पत्ता नाही."

दादा वर आले तेव्हा बहीण धुळीचं फडकं घेऊन भांबावून उभी होती. "मी नुसती पुसत होते. हेडफोनची वायर निघाली, काहीतरी सरकलं, आणि हे बोंबलायला लागलं. बंद करायला गेले तर पुन्हा पहिल्यापासून."

दादांनी सगळं सांगितलं. बहीण हसत हसत खालीच बसली.

"मी? अरे, शाळेत मला गाण्याच्या वेळी नुसते ओठ हलवायला सांगायचे."

"तुझा हात पाणीदार आहे म्हणाल्या."

"म्हणाल्या?" बहिणीने हात उलटसुलट करून पाहिला. मग भानावर आली. "ते जाऊ दे. आता काय करणार?"

"बोट मुरगळलं म्हणून सांगशील?"

"माझी बोटं ठणठणीत आहेत. तू पत्र लिही. खरं ते लिही."

"खरं कळलं तर त्या परत ऐकणार नाहीत."

"कशावरून? तिला तू हवा आहेस की तो आवाज? तू हवा असतास तर हात बघूनच नाद सोडला असता तिने. आवाज तर तुझ्याकडेच आहे ना, कपाटभर?"

दादा बसले आणि मायन्यावर न अडखळता लिहीत सुटले.

"बाई, मी वाजवत नाही. बहीणही वाजवत नाही, तिला आता तसं वाटू लागलंय ती गोष्ट वेगळी. वाजवणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळे माझ्या कपाटात राहतात. तुमचा बटणवाला कव्हरवर सगळ्यांच्या मागे उभा आहे, त्याचा अर्धाच चेहरा दिसतो. बाहीवाला अंगठ्याने तारा ठोकतो. लांब शिवणवाला त्याच्या बँडमधला सर्वांत गप्प माणूस आहे, असं कव्हरच्या मागे छापलंय. रविवारी या, सगळ्यांची ओळख करून देतो. इथे वर गाणारेही असतात आणि ते फार ओरडतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. नाहीच आवडलं तर खालीच ऐका. आजपासून हेडफोन बंद. फुलं मात्र आणा, बहीण वाट बघतेय."

पाकीट खाली हातात देता आलं असतं. पण बाईंनी तिकीट लावलं होतं, तेव्हा आपणही लावायला हवं, असं दादांचं म्हणणं पडलं. बहिणीने हात जोडले. दादा कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले, पत्ता एकदा तपासला, त्यात चूक नव्हती, तरी पुन्हा तपासला, आणि पाकीट आत सोडून दिलं.