जैसे थेचा हुकूम

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली आणि तन्वीरने वाटेवर चिऱ्याची भिंत घातली. नात्याने सईदाचा चुलत दीर, पण मेल्याचं सगळं गणित कोर्टाच्या सुट्ट्यांवर! सईदाच्या दारापर्यंत रिक्षा येणारी तीच एक वाट. मागे मोडक्या पायऱ्यांची, वळणावळणाची पाखाडी. सईदाचा नवरा फारुक डायलिसिसवर. त्याला पाठुंगळी घेऊन तिथून उतरवायची पाळी आली.

कोर्ट उघडल्यावर फारुकने दावा लावला. समन्स बजावलंच गेलं नाही. शेवटी बजावलं, तर तन्वीरच्या वकिलाला म्हणणं द्यायला मुदत हवी. मग मुदतवाढ. मग जज्जसाहेबांची बदली. दर तारखेला सईदा रत्नागिरीला जायची आणि पुढची तारीख घेऊन यायची. तिचा वकील विनीत आणि तन्वीरचा वकील एकाच टपरीवर टाळ्या देत चहा प्यायचे.

एकदाचा हुकूम झाला. "भाभी, 'जैसे थे' मिळाला!" विनीत खुशीत म्हणाला.

सईदाने दुसऱ्याच दिवशी भिंत पाडायला गडी बोलावले. तन्वीर हुकुमाची नक्कल नाचवत आला. "हुकूम झाला तेव्हा भिंत उभी होती. आता हात लावलात तर कोर्टाचा अवमान."

तिने विनीतला फोन लावला.

"बरोबर आहे त्याचं. पाडायचा अर्ज वेगळा करावा लागतो."

"मग केला का नाही, वकीलसाहेब?"

"करू की आता. घाई कसली?"

शिसारी आली तिला. भिंतीची नाही, त्या 'घाई कसली'ची.

अर्जाची तारीख यायच्या आत फारुक गेला.

पाखाडीवर जनाजा वळेना. मोहल्ल्यातली माणसं तन्वीरला म्हणाली, "बाबा रे, चार चिरे तरी काढ."

"माझ्या हातात असतं तर काढले असते. कोर्टाचा हुकूम आहे," तो म्हणाला. आणि वर डोक्यावर टोपी चढवून, भावाला खांदा द्यायला, भिंतीपलीकडे हात पसरून उभा राहिला.

जनाजा भिंतीवरून पलीकडे द्यायला उचलला गेला. बायका दारातच थांबतात, पण सईदा तरातरा भिंतीपर्यंत गेली.

"हात खाली घ्या, तन्वीरभाई," ती म्हणाली. "माझ्या माणसाला शिवायचा हुकूम आणा आधी."

तन्वीरने हात खाली घेतले.