अंबाड्यातली पुडी

खड्डा ज्याचा त्यानं खणायचा, अशी तिथली रीत. अंगाएवढा लांब, गुडघाभर खोल. रात्रभर त्यातच झोपायचं. वर तंबू नाही, काही नाही. बाळाबाईनं फावडं घेतलं खरं, पण थोडा बर्फ उपसल्यावर तिचे हात थांबले. त्यांच्या धनगराच्या घरात असल्या मापाचा खड्डा एकाच कामाला खणतात, मयताला.

"पूनम, मी जहाजावरच झोपते की गं."

"जहाज गेलं लांब. आता सकाळीच येणार." पूनमनं फावडं काढून घेतलं आणि आईचा खड्डा स्वतः खणायला लागली. "लोकं ह्या एका रातीसाठी जीव टाकतेत, आई."

"टाकू देत. मला माझा लागतोय."

पूनम त्या जहाजावर वाटाड्या होती. यंदा नोकरांना घरचं एक माणूस आणायची मुभा मिळाली, आणि जिचा स्वेटर सोलापुरात कपाटातच म्हातारा झाला होता ती बाळाबाई अंटार्क्टिकाला पोचली.

पूनम बाकीच्या प्रवाशांना बघायला गेली. सूर्य काही मावळेना. राखेसारखा उजेड नुसता पडून राहिलेला. पलीकडे बर्फाचा डोंगर कडाडला आणि बाळाबाईनं लेकीच्या खड्ड्याकडं बघितलं. लेक रोज असल्या जागी निजते? हिला इथं ओळखतं कोण?

मेंढरं घेऊन नव्या रानात उतरलं की तिची सासू तानाबाई पाठ टेकण्याआधी चारी बाजूंना भंडारा टाकायची. "जागेला सांगून निजावं," म्हणायची. इथं मात्र कणभरही काही आणायचं नाही, असा कडक नियम. जहाजावर पूनमनंच आईचे खिसे यंत्रानं झाडून घेतले होते. "गवताचं एक बी जरी सापडलं तरी माझी नोकरी गेली म्हणून समज." पण अंबाडा कोण तपासतो?

बाळाबाईनं टोपीखाली हात घालून भंडाऱ्याची पुडी काढली. लेकीच्या रिकाम्या खड्ड्याभोवती चार चिमटी टाकल्या. पुडी तेवढ्यातच संपली. स्वतःच्या खड्ड्याला काही उरलं नाही.

आणि मग बर्फानं हळद प्यायला सुरुवात केली. चिमूट पसरत पसरत भाकरीएवढी झाली. बाळाबाईनं वर बर्फ लोटला, तर तोही पिवळा. ती गुडघ्यावर बसून लोटतच होती, तेवढ्यात समोर दोन बूट येऊन थांबले. मोहिमेची प्रमुख, उंचच उंच गोरी बाई. तिनं डाग बघितले, पूनमला हाक मारली आणि कडक आवाजात काहीतरी विचारलं.

पूनमचा चेहरा उतरला. "आई, ती म्हणतीय, हितं कुणी लघवी केली? बादली ठेवलीय ना तितं."

देवाच्या भंडाऱ्याला हे नाव! खरं सांगायला बाळाबाईनं तोंड उघडलं. पण खिसे कुणी झाडले होते? खरं बोललं की लेकीच्या पोटावर पाय.

"सांग तिला, मीच केली. म्हातारीला दम निघाला न्हाय म्हणावं."

आजूबाजूच्या खड्ड्यांतून टोप्या वर आल्या.

"चार ठिकाणी?" पूनमनं डोळे मोठे केले.

"थंडी लई हाय की."

पूनमनं काय सांगितलं कोण जाणे, पण बाईचा आवाज नरमला. बाळाबाईच्या खांद्यावर थोपटून, पूनमच्या हातात पिशवी देऊन ती निघून गेली.

पूनम खाली बसली. पहिला डाग खरवडला, आणि तिचा हात थांबला. तिनं हातमोजा नाकाशी नेला. बाळाबाईनं रिकामी पुडी मुठीत दाबली. आता ओरडेल. आता त्या बाईला परत बोलावेल.

पूनम ओरडली नाही. चारही डाग मुळापासून खरवडून पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली. मग मोज्याचं पिवळं बोट टोपीखाली कपाळाला लावलं.

"अंबाडा सुटलाय," ती हळूच म्हणाली. "बांध नीट. आन् नीज आता."

डोंगर पुन्हा कडाडला. बाळाबाई आपल्या खड्ड्यात उतरली. भोवती पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. पूनमनं आपल्या खड्ड्यातून हात लांबवून तिची बाही धरली, तेव्हा कुठं तिनं पाठ टेकली. डोळे मात्र मिटले नाहीत.