चिमणाबाईंच्या वाट्याची धूळ

एसी चालू करण्याआधी जरा माझं ऐकाल का? मी गाडीतला केबिन फिल्टर बोलतोय. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. डाव्या सीटसमोर कागदपत्रं ठेवायचा कप्पा असतो ना, त्याच्या मागे अंधारात मी बसतो. बाहेरची हवा तुमच्यापर्यंत येते, ती माझ्यातून गाळून.

नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कापडासारख्या कागदाला घड्या घातल्या, आत कोळशाच्या भुकटीचा थर दिला आणि भोवती चौकट चिकटवली. एका बाईनं मला ट्यूबलाइटसमोर धरून कुठे भोक नाही ना ते पाहिलं. मग एका निळ्या इलेक्ट्रिक गाडीत मला बसवलं आणि ती गाडी मखमलाबादला लहानूआप्पा आणि चिमणाबाईंच्या अंगणात आली.

दोघांचा जन्म फुलांच्या मळ्यात गेला. झेंडू, शेवंती पिकवायची आणि पंचवटीत नेऊन विकायची. आता मळा पुतण्या बघतो. चुलीच्या धुरानं आणि वर्षानुवर्षांच्या फवारणीनं चिमणाबाईंची छाती कमजोर झाली होती. डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं. पण नाशकात सध्या कुंभमेळ्याच्या कामांसाठी जिकडेतिकडे रस्ते उकरलेले. रिक्षानं दवाखान्यात जाऊन आलं, की त्या दोन दिवस अंथरुणात. म्हणून त्यांच्या मुलीनं, मोहिनीनं ही गाडी घेतली. ती नाशिक रोडच्या शाळेत शिकवते.

पहिल्या दिवशी दवाखान्यातून निघताना चिमणाबाई तोंडाला पदर लावूनच गाडीत बसल्या. काचा वर गेल्या, एसी सुरू झाला. आडगाव नाक्यापाशी रस्ता उकरणारं पोकलेन चालू होतं, बाहेर नुसती लाल धूळ. ती सगळी माझ्या अंगावर आली आणि मी ती अडवून धरली. थोड्या वेळानं चिमणाबाईंनी पदर हळूच खाली घेतला.

"अवो, इथं तर श्वास पुरतोय की!"

घरी जाणारं वळण आलं, तरी आप्पांनी गाडी सरळ गंगापूर धरणाच्या रस्त्याला घातली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं फिरायला निघत. चिमणाबाई काचेतून बाहेरची शेतं बघत, कुणाची शेवंती बरी आणि कुणाची करपली ते सांगत. खोदकामाची माती, ट्रकचा धूर, द्राक्षबागांवर मारलेल्या औषधाचा वास, सगळं मी माझ्याजवळ ठेवून घेत होतो. इतकं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही.

आप्पांचा गाडीवर फार जीव. पूर्वी ते फुलांचा टेम्पो चालवायचे, त्यामुळे ऑइल, ग्रीस आणि काजळीनं हात कायम काळे. या गाडीला त्यातलं काहीच नाही, याचंच त्यांना मोठं अप्रूप. रोज सकाळी गाडी पुसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "हिला ना ऑइल, ना धूर. चार्जिंगला लावली की झालं. दुखणंखुपणं काय ते हिला ठाऊकच नाय."

माणसांचं असंच असतं. जी वस्तू कुरकुरत नाही, तिला काही लागतच नाही असं त्यांना वाटतं.

गाडीनं मात्र सांगून पाहिलं. स्क्रीनवर इंग्रजीत सूचना यायची, की फिल्टर तपासा. आप्पांना वाटायचं, फोनवर येतात तशी ही जाहिरात असेल. ते बोटानं सारून द्यायचे. मोहिनी शाळेला स्कूटीवर जायची, तिच्या नजरेला ते कधी पडलंच नाही.

पावसाळ्यात पाण्याबरोबर कुजका पालापाचोळा आत आला. मी ओला झालो आणि तसाच राहिलो. घड्यांमध्ये बुरशी धरली. हवा आता माझ्यातून नीट जाईना आणि जी जाई ती माझाच घाण वास घेऊन जाई. ज्या बाईसाठी मी इतकी धूळ अंगावर घेतली, तिला आता माझ्यामुळेच खोकला येऊ लागला. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की मला काढा.

वासाला उपाय म्हणून आप्पांनी हौसेनं मोगऱ्याच्या अत्तराची बाटली आणून आरशाला टांगली. चिमणाबाईंचा खोकला दुप्पट झाला. तरी त्यांनी आप्पांना बाटली काढायला सांगितलं नाही. खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "छान हाय हो."

मग एक दिवस त्या फिरायला आल्याच नाहीत. "आता गाडीतबी दम लागायला लागला. दुखणं वाढलंय माझं," म्हणाल्या.

त्याच महिन्यात नांदगावला त्यांच्या भाचीचं, स्नेहलचं लग्न होतं. कॉलेजची सगळी वर्षं ती पोर याच घरी राहिलेली. ती रोज फोन करायची.

"आत्या, तू आली नाय तर मला हळद कोण लावणार?"

"तुझी आई हाय ना, बाळा," एवढंच बोलून चिमणाबाईंनी फोन ठेवला. अंगणात येऊन त्या गाडीत बसल्या, दार उघडंच ठेवून. त्यांनी डोळ्याला पदर लावला.

आप्पा आले. शेजारी बसले, दारं लावली आणि एसी सुरू केला. "उकडतंय. जरा गार वाटंल तुला."

लगेच खोकल्याची उबळ आली. आप्पांनी घाईघाईनं एसी बंद करून दारं उघडली. हळूहळू चिमणाबाई शांत झाल्या आणि समोरच्या, एसीची हवा येते त्या जाळीकडे बघू लागल्या.

"परत लावा."

"अगं, मरायचंय का तुला?"

"लावा म्हणते ना!"

एसी लागला, खोकला आला. बंद केला, खोकला थांबला. चिमणाबाईंनी जाळीला नाक लावलं आणि चटकन मागे झाल्या. "अवो, कुजलेल्या फुलांच्या टोपल्यांना यायचा ना, तसला वास हाय हा. दुखणं माझं नाय वाढलं. गाडीचं वाढलंय!" आणि त्या रडतारडता हसायला लागल्या.

संध्याकाळी मोहिनी शाळेतून आली. आईचं ऐकून तिनं गाडीचं पुस्तक वाचलं आणि कप्पा उतरवला. "आई, तू ओट्यावर जा, लांब," म्हणाली, आणि तिनं मला बाहेर ओढलं. कितीतरी दिवसांनी मी उजेड पाहिला. काळाठिक्कर, मातीनं गच्च, घड्यांत कुजलेली पानं.

आप्पा आरशाला टांगलेली अत्तराची बाटली काढून खिशात घालत म्हणाले, "तू बोलली का नाय?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणली होती," ओट्यावरून उत्तर आलं.

आप्पांनी मला धुऊन परत बसवायची गोष्ट काढली. मोहिनी म्हणाली, "आप्पा, हा धुवायचा नसतो. धुतला की याची गाळायची ताकदच जाते." दुसऱ्या दिवशी तिनं नवा फिल्टर आणला आणि त्याच्यावरचा हवेच्या दिशेचा बाण नीट बघून बसवला. चिमणाबाई आत बसल्या. आप्पांनी एसी लावला आणि हातातली पाण्याची बाटली तशीच धरून ते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खोकला आला नाही.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. पावसाळा सरला, की कप्प्याच्या मागे एकदा डोकावून बघा. धुळीच्या रस्त्यांवर फिरत असाल, तर सूचनेची वाटही बघू नका. मी काळा झालो असेन तर वाईट वाटून घेऊ नका, मला काढा.

आज सकाळी तिघं नांदगावला निघाली. मला एका पिशवीत घालून फाटकापाशी, घंटागाडीसाठी ठेवलं होतं. आप्पा फाटक लावायला उतरले, तेव्हा चिमणाबाईंनी काच खाली घेतली.

"अवो, ती पिशवी उन्हात हाय. सावलीला ठेवा."

"कचऱ्याला कशाला सावली?"

"माझ्या वाट्याची धूळ खाल्लीय त्यानं. ठेवा."

आप्पांनी पिशवी उचलून कडुनिंबाखाली ठेवली. काच वर गेली. गाडी आवाज न करता निघाली आणि चिमणाबाई आत काहीतरी गुणगुणत होत्या, बहुतेक हळदीचं गाणं असावं.