खडीवर खडी

इंदिरानगरच्या त्या गल्लीत माणसाने घरापुढे काहीही करावं, लोक समजून घेत. प्लास्टिकचे बगळे उभे करा, सिमेंटचा हत्ती बसवा, संगमरवरी कारंजं लावून ते कधीच सुरू करू नका. कोणी चकार शब्द काढणार नाही. फक्त अंगण कोरडं ठेवू नका. वाल्मीक गायधनी सरांनी नेमकं तेच केलं होतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी पाणी दिवसाआड झालं आणि लॉन जगवायला टँकर मागवायची पाळी आली. गवताला टँकर! कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या वाल्मीकला स्वतःचीच लाज वाटली. त्याने लॉन उपटलं, मुरूम घातला, वर काळी खडी पसरली, दोन मोठे धोंडे अर्धे पुरून बसवले आणि मधे मधे घायपात, फड्या निवडुंग, शेर, गोल काटेरी कॅक्टस लावले. कोणत्या रोपाला दुपारची सावली लागते आणि कोणाला ऊनच हवं, हे त्याला विद्यार्थ्यांच्या नावांपेक्षा जास्त पाठ झालं होतं.

गल्लीचा निकाल मात्र पहिल्याच आठवड्यात लागला. जागा पडीक आहे.

"काय सर, बांधकाम कधी काढताय?"

"पैसे अडकले वाटतं कुठं."

कुरियरवाला सरळ आत गाडी लावू लागला. गणपतीत मंडळाने मांडवाचे बांबू आणून टाकले, ते दिवाळीपर्यंत तिथेच. गावाहून आलेला चुलतभाऊ अंगण बघून डोक्याला हात लावून बसला. "आपल्या आज्या-पणज्यांची हयात वावरातले दगड येचण्यात गेली, आन् तू पैसे देऊन आणले? लय शिकला बाबा तू." खुद्द बायको स्नेहल पाहुण्यांना सांगे, "सध्या असंच आहे. पुढे सिमेंटचे ब्लॉक बसवून गाडी आत घेऊ."

सध्या! वाल्मीक तो शब्द चहाबरोबर गिळत असे.

त्या शनिवारी दोघं ओझरला स्नेहलच्या भावाकडे गेले आणि सोमवारी सकाळी परतले. गल्लीत शिरतानाच मिक्सरचा घरघराट ऐकू आला. शेजारच्या शेखर पगारांच्या तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडत होता. नारळ फुटलेला, पेढे वाटून झालेले, मजुरांची घमेली हातोहात चाललेली.

घमेली वाल्मीकच्या फाटकातून बाहेर येत होती.

अंगण नव्हतंच. त्याच्या जागी खडीचा ढीग होता, खिडकीच्या गजांपर्यंत. ढिगाच्या पायथ्याशी घायपाताचं एक पान पंजासारखं वर आलेलं होतं. बाई फावड्याने घमेलं भरत होती आणि त्यात वाल्मीकने निवडून आणलेली काळी खडीही बिनबोभाट वर चालली होती.

शेखर पेढ्याचा बॉक्स घेऊन हसतमुखाने आला. त्याचा बाथरूमच्या नळांचा धंदा होता आणि हसू कायम शोरूममधलं.

"या सर, या! तोंड गोड करा."

"हे काय आहे, शेखरराव?"

"खडी. ट्रॅक्टरवाला म्हणाला कुठं टाकू. मी म्हटलं, सरांकडे खडीच तर आहे. खडीत खडी!"

"तिथं झाडं होती."

"कुठली?" शेखरने प्रामाणिकपणे विचारलं.

या प्रामाणिकपणाने वाल्मीकचं डोकं फिरलं. दुष्टपणा असता तर त्याने चार शब्द सुनावून विषय सोडला असता. तो ढिगावर चढला आणि बॅगेसकट बसला. फावडेवाली बाई थांबली, मागची रांग थांबली.

"सर, गंमत नका करू."

"मी गमतीचा माणूस नाही. कॉलेजात विचारा कोणालाही."

ठेकेदार रहेमान वरून ओरडला, "खडी का थांबली?" मग धावत खालीच आला. ढिगावरचे प्राध्यापक बघून त्याने शेखरकडे पाहिलं. "शेठ, अर्धा स्लॅब पडलाय. आता थांबलं तर जोड येईल. जोडातून जन्मभर गळेल. बघा काय ते."

शेखरचं हसू शोरूमसकट बंद झालं. "सर, तुम्ही सुशिक्षित माणसं. दोन निवडुंगांसाठी? अहो, मी तुम्हाला इथे सगळे ब्लॉक बसवून देतो. फुकट! वहिनी, तुम्ही तरी सांगा. गाडी आत येईल."

वाल्मीकने स्नेहलकडे पाहिलं. ब्लॉक म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. त्याला ते दिसलं आणि त्याचा राग तिच्यापर्यंत जाऊन पोचला. गल्ली आपापल्या फाटकांत येऊन उभी होतीच. फुकट ब्लॉक हा प्रस्ताव सर्वांना उदार वाटला.

"ब्लॉक नकोत," वाल्मीक म्हणाला. "हा ढीग उचला. तुमच्या लॉनवर टाका. मग तिथून न्या वर."

शेखरचं लॉन भिंतीपलीकडेच होतं. हिरवंगार. त्यावर पाण्याचा फवारा सकाळपासून फिरत होता, कोणी बंद केला नव्हता.

"लॉनवर?" शेखर कळवळला. "सर, जिवंत आहे ते!"

मिक्सर फिरत होता. वाल्मीक उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात स्नेहल पुढे झाली.

"आणि हे काय मेलेलं होतं, भाऊजी?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेला.

"तसं नाही वहिनी..."

"मग कसं? सांगा ना. दोन वर्षं हा माणूस सकाळी उठून त्यांच्याशी बोलतो. माझ्याशी बोलत नाही एवढं."

गल्लीत कोणीतरी फिस्सकन हसलं. रहेमानने हसणं संपायची वाट पाहिली नाही. मिक्सरातला माल घट्ट होत चालला होता. "चला रे, लॉनवर घ्या! भिंतीवरून द्या!" शेखर "अहो, अहो" करत राहिला आणि पहिलं घमेलं हिरवळीवर रिकामं झालं. मग दुसरं. फवारा खडीवर पाणी उडवत फिरत राहिला.

दुपारी ढिगाचा तळ लागला. वाल्मीक मांडी घालून हाताने खडी बाजूला करत होता. गोल कॅक्टस भोपळ्यासारखा फुटला होता. शेराच्या कांड्या मोडून चीक गळत होता. फड्या निवडुंगाची दोन पानं मात्र टणक लागली आणि घायपाताचा गाभा शाबूत होता. स्नेहल स्वयंपाकघरातला चिमटा आणून काटे धरत होती. राग अजून पुरेसा शिल्लक होता आणि तो दोघांना वाटून घ्यावा लागत होता.

वर स्लॅब पुरा झाला. शेखर फाटकाशी येऊन उभा राहिला.

"झालं समाधान, सर?"

"नाही."

"आता काय राहिलं?"

"तो धोंडा कलंडलाय. खाली रोप आहे. एकट्याला उचलत नाही. या आत."

शेखरने आत टाकायला एक पाय उचलला आणि तो मधेच थांबला. पायाखाली काय आहे ते त्याला कळेना. वाल्मीकच्या अंगणात येणारा माणूस पहिल्यांदाच खाली बघत होता.

"कुठं ठेवू पाय?"

वाल्मीकने मान वर केली नाही. "बघा तुम्हीच," तो म्हणाला आणि शेखर एका पायावर तसाच उभा राहिला.