सात पावत्या

लॅमिनेशनवर उत्तरेश्वरांची देवाइतकीच श्रद्धा. बार्शीहून पुण्यात आले तेव्हाचं कारखान्याचं नेमणूकपत्र, मुलीची दहावीपासूनची प्रमाणपत्रं, इतकंच काय, गॅसचं कनेक्शन मिळालं तो कागदसुद्धा त्यांनी प्लॅस्टिकात बंद करून ठेवलेला. त्यामुळे त्या सोमवारी त्यांनी जे केलं ते स्वभावाला धरूनच झालं.

त्यांची एकुलती एक प्रियदर्शनी हडपसरच्या आयटी पार्कात नोकरीला. आदल्या दिवशी सकाळी सातला ती मोटरसायकलवर निघाली आणि बंगळुरूला शिवून परत आली. चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर. असं करून दाखवणाऱ्याला परदेशातली एक संस्था प्रमाणपत्र देते. पुरावा म्हणजे वाटेतल्या पेट्रोल पंपांच्या मूळ पावत्या, कारण त्यांवर ठिकाण आणि वेळ छापलेली असते. उत्तरेश्वरांनी आधी कडाडून विरोध केला होता. शेवटी बापलेकीत तह झाला, एकदाच जायचं आणि मग पुन्हा नाव काढायचं नाही.

ते चोवीस तास त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. फोन वाजला तरी धडकी, नाही वाजला तरी धडकी. सोमवारी सकाळी साडेसहाला तिने हडपसरच्या पंपावर शेवटची पावती घेतली, घरी येऊन "बाबा, झालं" म्हणाली आणि बुटांसकट आडवी झाली. उत्तरेश्वरांना भरून आलं. जेवढा विरोध केला होता तेवढाच आता अभिमान दाटून आला, आणि अभिमानाच्या भरात भलेभले गाढवपणा करतात.

टेबलावरच्या सातही पावत्या त्यांनी एका कोऱ्या कागदावर ओळीने चिकटवल्या. खाली पेनाने, कोरीव अक्षरात लेकीचं नाव घातलं. दहाला गाडीतळावरचं झेरॉक्सचं दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तेच होते.

लॅमिनेशनच्या यंत्रातून पान बाहेर आलं तेव्हा सातही पावत्या काळ्याकुट्ट. लेकीचं नाव तेवढं स्वच्छ वाचता येत होतं.

"पंपाची बिलं होती होय," दुकानदार पोपटराव म्हणाले. "हा कागद उष्णतेवर छापतात, काका. गरम केला की काळा पडतो. तुम्ही आधी विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

"काही करता येईल?"

"करून झालंय की."

उत्तरेश्वर चालतच घरी आले. पावत्या गेल्या याहून एक गोष्ट त्यांना जास्त छळत होती. विरोध आपण केलेला, आणि पुरावाही आपणच जाळला. हे चुकून झालं यावर पोरगी का विश्वास ठेवेल? रद्दीत गेल्या म्हणून सांगावं, असंही मनात येऊन गेलं. दोन वाजेपर्यंत ते तिच्या दाराकडे बघत बसले.

ती उठली आणि आधी टेबलाकडेच गेली. "बाबा, पावत्या कुठायत?"

त्यांनी पान पुढे केलं.

"टिकाव्यात म्हणून गं," ते म्हणाले. "फोटो काढले असशील ना?"

"दोन-तीनच पावत्यांचे. आणि मूळच लागतात." तिने पान उलटंसुलटं केलं. "मुद्दाम केलंत का?"

"नाही." स्वतःचाच आवाज त्यांना खोटा वाटला.

प्रियदर्शनीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पान टेबलावर ठेवलं. "असू दे. एकदाच ठरलं होतं. गेले मी एकदा."

खोटं कशाला बोला, क्षणभर उत्तरेश्वरांना सुटल्यासारखंच वाटलं. पुन्हा ती धडकी नको, तो फोन नको. आणि पाठोपाठ त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की ते उठूनच उभे राहिले. पोरगी शब्द पाळत होती. आपण त्या शब्दाआड लपत होतो.

ती टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाली होती.

"पुढच्या महिन्यात सुट्टी कधी मिळते बघ," ते म्हणाले.

"कशाला?"

"पुन्हा जा."