सनह्वाचं बटण

सनह्वाने बनवलेलं बटण बघायला शेजारच्या कंपनीतली माणसंसुद्धा येऊन गेली होती. बुसानच्या एका मासळी बाजारासाठी आम्ही लिलावाचा प्रोग्राम लिहीत होतो, त्याच्या टूलबारवरचं हे बटण. शेजारच्या बारीक बाणावर क्लिक केलं की खाली मेनू उघडायचा: अव्वल, मध्यम, हलका. निवडाल त्या प्रतीची चिठ्ठी छापून यायची. वर आणखी कौतुक म्हणजे निवड बटणाच्या लक्षात राहायची. मासळीच्या पुढच्या पेटीला बटणावरच्या चित्रावर नुसतं क्लिक केलं की तीच प्रत. आमचे गुकसाहेब ज्याला त्याला ते दाखवत सुटले होते.

शनिवारी या प्रोग्रामवर पहिला लिलाव होता. चिठ्ठ्या चुकल्या तर बाजार पुन्हा खडू-फळ्यावर जाणार आणि आमच्या ऑफिसला कुलूप लागणार, हे साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

गुरुवारी सनह्वा बाजारात जाऊन आली, ती चिठ्ठ्या छापणाऱ्या प्योबाईंचे जुने रबरी हातमोजे घेऊनच. ते चढवून ती बाणावर क्लिक करायला गेली. क्लिक चित्रावर पडलं. पुन्हा चित्रावरच. प्रिंटरमधून चिठ्ठ्या सटासट बाहेर आल्या, सगळ्या अव्वल.

"एका बोटीची प्रत दुसऱ्या बोटीच्या मालाला," ती म्हणाली. "कुणाच्या तरी पोटावर पाय येईल रे."

"मग बाण मोठा कर," मी म्हणालो.

"बाणही नको, लक्षात ठेवणंही नको."

"वेड लागलंय का तुला? साहेब सोलून काढतील."

"काढू देत. मीठ लावून वाळत घालू देत."

आणि तिने तो सगळा कोड पुसला. माझाच जीव तुटला. गावभर कौतुक झालेलं स्वतःचं काम असं स्वतःच्या हाताने पुसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आता बटणावर कुठेही क्लिक केलं की मेनू उघडायचा, त्यात तीन जाडजूड ओळी. निवडल्याशिवाय काही छापायचं नाही.

साहेब भडकले. "बटणाची अक्कलच काढून टाकलीस? शनिवारी फसलं तर आधी तुझा राजीनामा टाईप करायचा!"

"मोजे घालून करीन, साहेब."

शनिवारी पहाटे बोटी लागल्या. प्योबाईंची नजर पेट्यांमधल्या बांगड्यांवर, मोजे घातलेला हात माऊसवर. एका म्हाताऱ्या नावाड्याची पेटी आली. आधीची पेटी हलक्या प्रतीची होती. बाईंनी बटण दाबलं, मेनू उघडला आणि त्या थांबल्या. पेटीत हात घालून त्यांनी खालचा एक बांगडा वर काढला, कल्ले उघडून पाहिले. नावाडी त्यांच्या हाताकडे बघत होता. मेनू तसाच उघडा होता. जुनं बटण असतं तर एव्हाना 'हलका' छापून झालं असतं.

"अव्वल आहे हो तुमचा माल, आजोबा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वरची ओळ दाबली.

म्हातारा त्यांच्यापुढे कमरेत वाकला. सनह्वाकडे त्याने पाहिलंही नाही. ती मात्र साहेबांच्या शेजारी उभी राहून डोळे पुसत हसत होती.