पाय आखडला, एवढंच

चिमट्याच्या टोकाला एक केस चिकटला होता – तपकिरी, आखूड, तक्क्याचाच – आणि डॉक्टरीणबाई तो चिमटा हातात धरून काहीतरी समजावून सांगत होत्या, पण तिची नजर त्या केसावरून हलेना. एवढासा केस, मुळापासून उपटून आला, आणि ज्याचा होता त्याला पत्ताच नाही... तक्क्या, तिचा बुटका, लांबोडा कुत्रा, टेबलावरच्या रबरी चटईवर पसरला होता. पुढचं अर्धं अंग नेहमीसारखं उत्साही, मागचं अर्धं कुणाचं तरी उसनं आणून जोडलेलं. आणि तो तिच्या तळव्यावरचा बिस्किटाचा चुरा चाटत होता. चुरा कधीच संपला होता, तरी आपला चाटतच होता.

"पाय ओढला त्यानं!" ती मध्येच ओरडली. "तुम्ही चिमटा काढलात आणि त्यानं पाय ओढून घेतला. मी बघितलं. कळलं त्याला!"

नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तोही हसला होता, काल संध्याकाळनंतर पहिल्यांदाच. काल तक्क्यानं कोचावरून उडी मारली, एकदा केकाटला आणि मग दोन्ही मागचे पाय फरफटत, जणू काही झालंच नाही अशा थाटात तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला – तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. नेहमीचे डॉक्टर चांगले होते, पण त्यांनीही सकाळी त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि हात टेकले. हे माझ्या आवाक्यातलं नाही, मणक्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आजच न्या. आणि आता इथे, या पांढऱ्या खोलीत, तो पाय हलला होता. झालं तर मग! पाय हलला म्हणजे पाय आहे.

"पाय ओढला, बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयानं लहानच होत्या, पण बोलणं मोजूनमापून. "पण त्याला कळलं की नाही, ते पाय सांगत नाही."

"म्हणजे?"

"चिमटा काढला की खबर कण्यापर्यंत जाते, आणि कणाच तिथल्या तिथे हुकूम सोडतो, ओढ पाय. तीच खबर वर डोक्यापर्यंत पोचली तर ते दुखणं. नाही पोचली तरी पाय ओढला जातोच. म्हणून मी पायाकडे बघतच नाही. तोंडाकडे बघते. मान वळवतो का, कण्हतो का, निदान चाटायचं थांबतो का... आता तुम्हीच बघा. पायाकडे नका बघू."

आणि त्यांनी पुन्हा चिमटा लावला, या वेळी असा की तिच्याच पायाच्या बोटांत कळ गेली. पाय झटक्यात वर गेला. तक्क्याची जीभ तिच्या तळव्यावर फिरत राहिली – ऊबदार, ओली, खरखरीत. क्षणभरसुद्धा अडखळली नाही.

तिनं दुसरा हात तक्क्याच्या डोक्यावर ठेवला. धास्ती तक्क्यासाठी होती हे खरं, पण नुसती तक्क्यासाठी नव्हती... त्या धास्तीमागे आणखी काहीतरी उभं होतं, दाराआड उभं राहावं तसं, आणि आत्ता नको, आत्ता नको, असं ती मनातल्या मनात त्याला म्हणत होती.

दुसऱ्या पायाच्या वेळी जीभ जरा थांबल्यासारखी वाटली. डॉक्टरीणबाईंनाही वाटलं. पण वाटलं ते वाटलं, त्यांनी स्पष्टच सांगितलं, मी छातीठोकपणे हो म्हणणार नाही. मग पाठीच्या आतली छायाचित्रं काढली. मणक्यांमधली एक गादी फुटून कण्यावर दाबून बसली होती. ती काढायची, तेही आजच, उशीर करायचा नाही. जाणीव शाबूत असेल तर बहुतेक परत चालायला लागेल. नसेल तर निम्मी आशा. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, नेहमीसारखं, तू सांग तसं. 'करा,' ती म्हणाली. तक्क्याला आत नेलं तेव्हा त्याचे लांबलचक कान तेवढे नर्सच्या कोपरावरून लोंबताना दिसले.

बाहेरच्या बाकावर तिला बसवेना. पाण्याच्या यंत्रापाशी जाऊन ती पाणी न पिताच परत आली. भिंतीवर कुत्र्याच्या सांगाड्याचं चित्र होतं, तिनं मानेपासून शेपटीपर्यंत एकेका मणक्यावर नजर नेली, मधेच चुकली, परत मानेपासून. पर्स उघडली, बंद केली. समोर लांब मोकळा बोळ होता आणि तिथे कुत्र्यांना चालवून बघायचे. एक गृहस्थ आपल्या धिप्पाड कुत्र्याला घेऊन तिसऱ्यांदा फेरी मारत होते, कुत्रा नुसता डौलात, आणि गृहस्थ रडकुंडीला आलेले.

"अहो, घरी नीट लंगडतो हो हा!" ते वही घेऊन उभ्या असलेल्या डॉक्टरांना सांगत होते. "देवाशपथ लंगडतो. इथे आला की याच्या अंगात काय संचारतं कोण जाणे. लंगड की रे गाढवा! इभ्रत घालवतोस माझी!"

बाकांवरची सगळी माणसं हसली. तीही हसली. आणि हसता हसताच चपापली – हे मला आलं का हसू, की सगळे हसले म्हणून ओठ आपसूक ताणले गेले? कुणी 'कशी आहेस' विचारलं की 'मजेत', कुणी 'येतेस ना' म्हटलं की 'हो हो, येते की'... दिवसभरात वरपर्यंत पोचतं तरी काय? असले विचार तिला पूर्वी कधी येत नसत. नसती कटकट त्या पोरीनं डोक्यात घालून ठेवली, असा तिला डॉक्टरीणबाईंचा रागही आला.

आणि मग ते दाराआडचं आत आलंच.

सासूबाईंचा हात. उजवा गेलाच होता, हा डावा. वाळलेला, शिरा वर आलेल्या, करंगळी जरा वाकडी. नाकावर माशी बसू न देणारी बाई, आणि एका सकाळी झटका आला तो वाचा घेऊन गेला, अर्धं अंग घेऊन गेला, आणि मागे राहिले ते नुसते डोळे. डोळे मात्र पहिल्यासारखेच. घरात पाऊल ठेवल्यापासून या बाईनं तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. समोर असली तर 'अगं', नसली तर मुलाशी बोलताना 'तुझी बायको' – तुझ्या बायकोला सांग दार हळू लावायला, तुझ्या बायकोनं मीठ बघितलंय का. भांडण म्हणावं तर भांडण नाही. शब्दाला शब्द वाढला असता तर बरंच झालं असतं, निदान मोकळं तरी झालं असतं. नुसता तो एक गार वारा, वर्षानुवर्षं, एकाच खिडकीतून. आणि तरी आजारपण तिनंच काढलं – कूस बदलणं, भरवणं, पुसणं – कुणाला दाखवायला नाही, की चांगुलपणा म्हणूनही नाही. तिला एक गोष्ट हवी होती. हवी होती म्हणजे अगदी तहान लागावी तशी हवी होती, आणि त्या दुपारी तिनं लाजलज्जा गुंडाळून ठेवून तो हात हातात घेतला आणि विचारलं.

"आई, मी तुम्हाला आवडले का हो... कधीतरी?"

आणि हात मिटला. तिच्या बोटांभोवती, घट्ट. एवढा घट्ट की तिची अंगठी बोटात रुतली, आणि ती त्या हातावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या. पण ते दाबणं राहिलं. केवढं उरलं होतं ते! त्याच्या उजेडात मागची सगळी वर्षं तिनं परत लावून घेतली. मिठाचं विचारणं म्हणजे काळजी, नाव न घेणं म्हणजे एक प्रकारची जवळीकच, काही माणसांना बोलून दाखवता येत नाही एवढंच. भिंतीवरचा फोटो ती प्रेमानं पुसायची, खरंच प्रेमानं. आणि सांगायची सगळ्यांना – माहेरी, शेजारी, येईल त्या पाहुण्याला. शेवटी आईंनी माझा हात दाबला हो. बोलता येत नव्हतं, पण दाबला. एकट्या नणंदेनं तेवढं नाक मुरडलं होतं. "अगं वहिनी, आईची मूठ तेव्हा कशावरही मिटायची. चादर दे, चमचा दे, काहीही दे." तेव्हा तिला वाटलं, जळते मेली! पोटच्या पोरीचा हात दाबला नाही, सुनेचा दाबला, म्हणून जळते. त्यानंतर कितीतरी दिवस ती नणंदेशी तुटक वागली होती.

चादर दे, चमचा दे...

हुकूम तिथल्या तिथे सुटतो. धर. आवळ. आणि वरती, डोक्याला पत्ताच नाही, जीभ चाटतच राहते.

छे! माणसाचं काय आणि कुत्र्याचं काय, असं कुठे असतं? ती उठली, बोळाच्या टोकापर्यंत गेली. तिथलं दार बंद होतं, दारावर लाल दिवा. आत तक्क्या, पाठ उघडी. नर्स बाहेर आली आणि तिच्या तोंडाकडे बघून स्वतःच म्हणाली, "चालू आहे अजून, काळजी करू नका." ती परत वळली. आणि वळता वळता तिला जे आठवलं – आठवलं म्हणजे काय, जे तिथे कायमच होतं आणि कधी बघितलं नव्हतं – त्यानं तिचे पाय तिथेच थबकले.

मी तोंडाकडे बघितलंच नव्हतं.

हाताकडे बघत होते मी. विचारलं तेही हातालाच, मान खाली घालून. सासूबाईंचे डोळे उघडे होते, हे तिला माहीत होतं. ते उघडे होते म्हणूनच ती बघत नव्हती. त्या डोळ्यांत काय असेल याची तिला भीती होती, हाताची नव्हती. हात बिचारा काय, गरीब... डॉक्टरीणबाईंनी विचारलं असतं, मान वळवली का त्यांनी? पापणी हलली का? तर मला सांगता आलं नसतं. जिच्या उत्तरावर मी इतकी वर्षं घर चालवल्यासारखं मन चालवलं, तिच्या तोंडाकडे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. 

पण बघणारं कुणीतरी होतं.

बाकावर नवरा बसला होता, मांडीवर तक्क्याचा पट्टा, पट्ट्याचं बक्कल उगाच लावत आणि काढत. त्या दुपारी तो पलंगाच्या पलीकडे होता. आईची हनुवटी ओल्या फडक्यानं पुसत होता. हनुवटी पुसणारा माणूस दुसरीकडे कुठे बघणार?

आणि आता एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच यायला लागलं. ती हात दाबल्याची गोष्ट सांगायला लागली की हे उठायचे. दर वेळी. पाणी आणायला, खिडकी लावायला, कुणाचा तरी फोन आला म्हणून, नाहीतर नुसताच चष्मा काढून पुसत बसायचे, पुसून पुसून काच झिजेपर्यंत. आणि ती पाहुण्यांना हळूच सांगायची, आईचं नाव निघालं की यांना भरून येतं, बसवत नाही. केवढ्या कौतुकानं सांगायची! भरून येत होतं का त्यांना? की तिथे बसून, माझ्या आनंदाकडे बघत, गप्प राहणं जमत नव्हतं... आणि गप्प राहिले ते कुणासाठी? माझ्यासाठी? आईसाठी? या माणसानं एवढं पोटात ठेवलं असेल तर तो फार प्रेमळ तरी असला पाहिजे नाहीतर फार भित्रा, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतरही यातला कोणता, हे तिला सांगता येईना. कदाचित तसं काहीच नसेल. कदाचित आईंनी बघितलंही असेल तिच्याकडे, कधी नव्हे ते, आणि त्याला वाटत असेल की हिनं पाहिलंच आहे, वेगळं काय सांगायचं. दोन्ही शक्य होतं. निम्मी आशा.

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"वेळ लागतो अशा कामाला," तो म्हणाला. "तू जरा टेकून बस. सकाळपासून नुसती येरझाऱ्या घालते आहेस."

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही कुठे बघत होता?"

"कधी? कुठल्या दिवशी?"

"आईंनी माझा हात दाबला त्या दिवशी. तुम्ही पलीकडे होतात."

बक्कल लावायचा आवाज थांबला. "आज हे काय मधेच?" तो म्हणाला. "तक्क्याचं काय ते होऊ दे आधी."

"तोंडाकडे बघत होता ना तुम्ही त्यांच्या?"

 समोर ते गृहस्थ कुत्र्याला घेऊन आणखी एका फेरीला निघाले होते, कुत्रा तसाच झोकात, आणि त्याच्याकडे बघत बघत नवऱ्यानं आपला हात पुढे केला, तिचा हात घेतला आणि दाबला. मायेनं, हळू, अगदी सवयीनं, जसा तो सगळ्या अवघड वेळी दाबत आला होता. आणि दर वेळी तिला बरं वाटलं होतं. आत्ताही वाटलं – ती ऊब कोपरापर्यंत चढली, डोळे मिटून तशीच बसून राहिली असती तर संध्याकाळ निभावली असती, पुढची वर्षंही निभावली असती.

तिनं हात सोडवून घेतला.

"हात नको," ती म्हणाली. "तोंडानं सांगा."

भीती तर अशी वाटत होती की उठून पळून जावं. पण मघापासूनची ती तगमग, ते उठणं-बसणं, ते पर्स उघडणं-मिटणं, ते कुठेच उरलं नव्हतं. असेल ते असो. 'नाही' असेल तर 'नाही', त्या बाईचा अधिकार होता तो. दुखलं तर दुखू दे, तिला वाटलं, पण एकदा वरपर्यंत पोचू दे.

नवऱ्यानं घसा खाकरला, आणि ती मान वळवून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.